पाचव्या आठवड्यापासून शून्य

१९ ऑगस्ट, मंगळवार. एडिसन, न्यू जर्सी

लेकीच्या कॉलेजचं फॉल सेमिस्टरचं बिल आलं. ३१ हजार ट्यूशन, साडेनऊ हजार डॉर्म आणि मील प्लॅन, त्यातून स्कॉलरशिपचे १२ हजार वजा. राहिलेले साडेअठ्ठावीस हजार डॉलर आमचे. थोडे ५२९मधून, म्हणजे शिक्षणासाठी साठवलेल्या खात्यातून, बाकीचे पॅरेंट प्लस लोन, म्हणजे आईबापांच्या नावावरचं सरकारी कर्ज. आणि पैसे भरायच्या आधी पोर्टलचा प्रश्न: ट्यूशन इन्शुरन्स, म्हणजे आजारपणात सेमिस्टर सोडावं लागलं तर बुडालेली फी भरून देणारा विमा, हवा की नको? हो किंवा नाही म्हटल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. क्लासेस सुरू झाल्यावर घेता येत नाही, त्यामुळे ‘बघू नंतर’ हे आमचं नेहमीचं उत्तर इथे चालणार नाही.

प्रीमियम रकमेच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सेमिस्टरला २८५ डॉलर. नवऱ्याने लगेच एक्सेल उघडलं. शंभरात एक तरी मूल आजारी पडून मध्येच सेमिस्टर सोडतं का? नसेल, तर फायदा कंपनीचाच. हिशोब चोख आहे. पण या हिशोबाने घराचा विमाही कोणी काढू नये. मला पडलेला प्रश्न वेगळा होता: हे पैसे बुडाले तर आम्हाला झेपेल का? बुडालेल्या सेमिस्टरचं कर्ज फेडत फेडत तेच सेमिस्टर पुन्हा विकत घ्यायचं, असा तो खर्च आहे.

मग कॉलेजचा रिफंडचा तक्ता काढला. पहिल्या आठवड्यात सोडलं तर ८० टक्के परत, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ४०, चौथ्यात २०, पुढे शून्य. सप्टेंबर संपायच्या आत खेळ खलास. प्लससारख्या फेडरल लोनचा नियम आणखी निराळा: सेमिस्टरचे ६० टक्के दिवस भरायच्या आत मुलगी बाहेर पडली, तर लोनचा न वापरलेला हिस्सा कॉलेजने सरकारला परत करायचा. ऐकायला बरं वाटतं. पण कॉलेजचा स्वतःचा रिफंड तोवर शून्यावर आलेला असतो, त्यामुळे ते खिंडार भरायचं बिल कॉलेज आपल्याच नावावर पाठवतं.

म्हणजे विम्याचा खरा उपयोग पाचव्या आठवड्यापासून पुढे. आणि अगदी शेवटी आजारपण आलं तर बरेच प्राध्यापक ‘इन्कम्प्लीट’ देऊन नंतर परीक्षा घेतात. मधले सात-आठ आठवडे काय ते उरतात.

विम्याचा हा प्रकार नवा नाही, मॅसॅच्युसेट्समधल्या ड्यूअर कंपनीने १९३० साली सुरू केला. ऐन मंदीत! त्या वर्षी फीचा विमा विकायला निघालेल्या माणसाला मानलं पाहिजे.

रात्री पॉलिसी वाचायला बसले. गंभीर आजार, अपघात, विद्यार्थ्याचा किंवा फी भरणाऱ्याचा मृत्यू, एवढंच. नापास झालात, घरची आठवण आली, शिस्तभंगासाठी काढलं, मेजर आवडला नाही, यातल्या कशालाच दमडी मिळत नाही. एखादा कोर्स सोडूनही चालत नाही, अख्खं सेमिस्टर सोडावं लागतं आणि डॉक्टरने तसं लिहून द्यावं लागतं. २०२०च्या मार्चमध्ये कॉलेजं ऑनलाइन गेली तेव्हा याच शब्दांनी कित्येक आईबापांची निराशा केली. वर्ग चालू होते, मुलांनी कॉलेज सोडलं नव्हतं, मग क्लेम कसला?

नवव्या पानावर मात्र थबकले. मानसिक आजारासाठी सेमिस्टर सोडलं तर सलग दोन रात्री हॉस्पिटलमध्ये दाखल असणं आवश्यक, आणि तरी भरपाई ६० टक्केच. न्यूमोनियाला ही अट नाही.

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा गेल्या वर्षी ऑक्टोबरात घरी आला. हुशार, ढोल पथकातला. कित्येक दिवस खोलीबाहेर पडला नव्हता, जेवायलासुद्धा. थेरपिस्ट, गोळ्या, सगळं झालं. हॉस्पिटलमध्ये कधीच ठेवावं लागलं नाही, देवाची कृपा. पण त्याच कृपेपायी असल्या पॉलिसीत त्याचा क्लेम बसला नसता. अठरा-एकोणिसाव्या वर्षी सेमिस्टर मोडायला मोडलेला पाय नव्हे, हेच कारण जास्त संभवतं असं मला वाटतं. आपण मात्र मोडलेल्या पायाबद्दल मोकळेपणी बोलतो.

सासूबाईंना नाशिकला फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “पोरगी अजून गेली नाही आणि तू आजारपणाचं काय धरून बसलीस? शुभ बोल नाऱ्या!” दिरांनी मागून विचारलं, तिथे यूजीसीसारखं कोणी नाही का? तिकडे यूजीसीच्या २०१८च्या तक्त्यात प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत कॉलेज सोडलं तर ८० टक्के फी परत, तिसाव्या दिवसापर्यंत ५०, मग शून्य. शून्य तिकडेही आहेच. पण इथे सगळ्या कॉलेजांना मिळून असा एक तक्ता नाही, ज्याचा त्याचा वेगळा.

शेवटी पोर्टलवर ‘नको’ केलं आणि बाहेरून दुसरी पॉलिसी घेतली. तिच्यात मानसिक आजाराला हॉस्पिटलची अट नाही. डॉक्टरचं पत्र पुरतं. प्रीमियम साठेक डॉलर जास्त. विमा पूर्ण बिलाचा नव्हे, स्कॉलरशिप वजा जाता आम्ही भरतो तेवढ्याचाच काढला. नवऱ्याच्या मते पैसे पाण्यात. जाऊ देत. पुढे लोन नसतं तर मीही घेतला नसता, आणि लेक रटगर्समध्ये, म्हणजे आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, स्थानिकांच्या कमी फीवर असती तर विचारसुद्धा केला नसता.

लेकीला पॉलिसीचं ते पान दाखवलं. तिने वाचलं. “आई, म्हणजे बरं वाटत नसेल तर आधी डॉक्टरकडे जायचं आणि मग कॉलेज सोडायचं, उलटं नाही. बरोबर?” बरोबर. ती अठराची झाल्यापासून डॉक्टर आमच्याशी अवाक्षर बोलत नाही, म्हणून तिची माहिती आम्हाला सांगायला परवानगी देणाऱ्या हिपाच्या (वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्याच्या) फॉर्मवरही तिच्याकडून सही घेतली. स्प्रिंगचा प्रीमियम भरायचा की नाही, ते डिसेंबरात तिच्याशी बोलून ठरवू.