लाल न पाहणारी फिल्म

तांब्याच्या घंगाळाचा कृष्णधवल फोटो काढायचा म्हटलं की माझी नेहमी एकाच ठिकाणी गाडी अडायची. घंगाळ हातात घेतलं तर मठारकामाचा एकेक ठोका बोटाला लागतो. फोटोत मात्र ते सगळं अंग सपाट, राखी होऊन बसतं. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात आणि तांबं लाल उजेड जवळजवळ सगळाच्या सगळा परत फेकतं. त्या झळाळीत ठोके बुडतात. पुण्यातल्या कसबा पेठेत, तांबट आळीत, मी गेले काही महिने फोटो काढते आहे. तिथे ठोकेच दिसले नाहीत तर त्या कामाला अर्थ काय?

हिरवा फिल्टर लावून हे जमतं, पण फिल्टर दोन स्टॉप, म्हणजे चारातले तीन भाग, उजेड खातो आणि आळीतल्या खोल्यांत मुळातच उजेडाची मारामार. शिवाय चार बाय पाच इंचाच्या कॅमेऱ्याला लागणारी शीट फिल्म परदेशातून येते. त्यातल्या त्यात परवडणारी म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेट्स क्रालोव्हेच्या कारखान्यातली फोमापान. १९२१ सालापासूनची ही कंपनी. फोमापान १०० मला मनापासून आवडते, पण अंधारात तिचा वेग फार पडतो. मीटरने दहा सेकंद सांगितले तर कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे ऐंशी द्यावे लागतात. हातोडा घेऊन बसलेल्या माणसाला ऐंशी सेकंद हलू नका म्हणून कसं सांगणार!

म्हणून मी एक्स-रे फिल्मकडे वळले. वैद्यकीय सामानाच्या दुकानातून आठ बाय दहा इंचाचा खोका आणला. आयात केलेल्या फिल्मच्या मानाने ही फिल्म इतकी स्वस्त पडते, की शटर दाबताना हात आखडत नाही. एका शीटचे चार बाय पाचचे चार तुकडे होतात. कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या खोबणीत अडकू नयेत म्हणून ते किंचित कमी कापायचे, तेही डार्करूममधल्या लाल दिव्याखाली, बघत बघत. मिट्ट काळोखात चाचपडावं लागत नाही, हे सुख मोठं आहे.

ही फिल्म अशी का वागते, ते तिच्या मूळ कामात आहे. दवाखान्यात शरीरातून आलेले किरण कॅसेटमधल्या पडद्यावर पडतात, पडदा उजळतो आणि बहुतांशी त्या उजेडानेच फिल्मवर प्रतिमा उमटते. जुने कॅल्शियम टंगस्टेटचे पडदे निळे उजळत. १९७० च्या दशकात गॅडोलिनियमसारख्या दुर्मिळ धातूंचे पडदे आले, ते हिरवे उजळतात. माझ्याकडची फिल्म या हिरव्या पडद्यांसाठीची. तिला हिरवा दिसतो, निळा दिसतो, लाल दिसत नाही. रुग्णाला किरणांचा मारा कमी बसावा म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असतो. आपल्या फिल्मला मागून जो उजेड शोषणारा थर असतो तो हिला नाही, त्यामुळे झगझगीत ठिपक्याभोवती मंद वलय येतं. हे दोष म्हणून सांगितले जातात. मला तांब्यासाठी नेमके तेच हवे होते.

त्या दिवशी सकाळीच आळीत पोचले. ज्यांच्याकडे जाते ते काका सत्तरीच्या पुढचे. त्यांचा पुतण्या, शेजारी आणखी दोघं कारागीर, आणि चारही हातोडे एकाच वेळी चालू. तिथे बोलणं ऐकू येत नाही, हातवारे करावे लागतात. आवाजापेक्षा मला काळजी जमिनीची होती. प्रत्येक ठोक्यागणिक फरशी थरथरते, ट्रायपॉडचे पाय थरथरतात आणि काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेकडे, ग्राउंड ग्लासकडे, बघावं तर उलटं दिसणारं अख्खं घंगाळ थरथरत असतं. काकांना हे दाखवलं. कापडाखाली डोकं घालून ते बराच वेळ बघत राहिले, मग बाहेर येऊन म्हणाले, "ताई, तुमचं काम आमच्या दमावर बांधू. हातोडा बदलायला आम्ही थांबतोच, तेव्हा उरकून घ्या."

तसंच केलं. काका हात वर करायचे, चौघं थांबायचे, मी केबल रिलीज दाबायची.

उजेडाचं गणित मात्र नीट बसवावं लागलं. खोलीत एक जुना पिवळा बल्ब होता आणि कोपऱ्यात भट्टी. मीटरला हा तांबूस उजेड भरपूर वाटतो, फिल्मला तो नसल्यातच जमा. म्हणून बल्ब बंद करायला सांगितला, भट्टीकडे पाठ करून मीटर धरला आणि फक्त दारातून येणारा आकाशाचा उजेड मोजला. फिल्मचा वेग (आयएसओ) पन्नास धरला, लेन्सचं छिद्र एफ ८ ला ठेवून दोन सेकंद निघाले. घंगाळाच्या पोटावरचे ठोके जवळून घ्यायचे होते, तिथे दीडशे मिलिमीटरच्या लेन्ससाठी बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा घडीचा भाता, सव्वादोनशेपर्यंत लांबवला. तेवढ्याने उजेड सव्वादोन पट घटतो, म्हणून तिथे साडेचार सेकंद आणि त्यावर थोडे जास्तीचे.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाही दारात बसवलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर लाल काठाचं हिरवं लुगडं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, उलट काकांपेक्षा स्थिर बसल्या.

रात्री डेव्हलप करायला बसले. डी-७६ हा डेव्हलपर मी घरीच बनवते: लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. एक्स-रे फिल्म फार कडक काळंपांढरं देते, त्यामुळे एक भाग डेव्हलपर आणि तीन भाग पाणी असा सौम्य वापरला. पाण्यात बर्फ टाकून ते वीस अंशांवर आणलं, कारण कोमट पाण्यात हिचा थर मऊ पडतो आणि नखाने खरवडला जातो. थर दोन्ही बाजूंना, म्हणजे पाठ टेकवायची सोय नाही. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवायची, एका वेळी एकच शीट, आणि धरायची ती फक्त कडेला.

लाल दिव्याखाली निगेटिव्ह उमटताना दिसते. आधी दाराची चौकट काळी झाली, मग काकूंच्या लुगड्याचे पदर, मग घंगाळावर एकेक ठिपका उगवायला लागला. घंगाळाचं अंग पारदर्शकच राहिलं, ठिपके तेवढे गडद होत गेले. तेव्हाच कळलं की हे साधलंय. फिल्मला मूळचीच निळसर झाक असते, त्यामुळे कॉन्टॅक्ट प्रिंटला, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या प्रिंटला, कागद थोडा जास्त वेळ उजेडात ठेवावा लागला, पण प्रिंट पाण्यातून काढली आणि मी तिच्यापासून हलले नाही. घंगाळ जवळजवळ काळं, आणि चंद्रकळेवर खडी उमटावी तसे त्यावर ठोके. प्रत्येक ठोक्याच्या कडेला उजेडाची बारीक कोर, कोरेभोवती तो मंद वलयाचा धूर. ओळ कुठे सुरू झाली, कुठे हात वळला, सगळं मोजून घ्यावं.

भट्टीचे निखारे मात्र विझल्यासारखे काळे आले, गाभ्यातला पिवळा तुकडा तेवढा उमटला. काकूंचं कुंकू काळं, लुगड्याचे काठ काळे. घरोघरी भिंतीवर असलेल्या पणजी-आजींच्या फोटोंत कुंकू असंच काळं असतं, कारण त्या काळच्या काचा आणि फिल्म्सनाही लाल दिसत नसे. काकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या या फिल्मने अधिक खोल केल्या. सावळ्या, उन्हाने रापलेल्या कातडीत लालसर छटा असते आणि ती इथे काळोखी होते. माणसांचे फोटो या फिल्मवर काढताना हे आधी त्या माणसाला सांगायला हवं असं माझं मत झालंय. काकूंचा चेहरा मी फोमापानवर पुन्हा काढणार आहे. त्यांना स्वतःला जसं बघायची सवय आहे तशाही त्या दिसायला हव्यात.

प्रिंट घेऊन पुन्हा आळीत गेले. काकांनी चष्मा लावला, दाराशी उजेडात गेले आणि घंगाळाची प्रिंट तिरकी धरून बघू लागले. पुतण्याला हाक मारली. "ह्या वरच्या ओळी माझ्या. ही खालची बघ, ही तुझी. तुझा हात शेवटी डावीकडे ओढतो, किती दिवस सांगतोय." पुतण्याने प्रिंट हातात घेतली, मग आतून घंगाळच उचलून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ पडताळत बसला. काका खरं बोलत होते. मला त्या दोन ओळींतला फरक त्यांनी दाखवेपर्यंत दिसला नव्हता. प्रिंटमध्ये मात्र तो पहिल्यापासून होता.

मग काकांनी कामाचं काढलं. आत एक मोठा बंब तयार होता, गिऱ्हाईक आठवड्याभरात न्यायला येणार होतं. "असा बंब आता कोणी सांगत नाही. जायच्या आधी ह्याचा काढून ठेवा, पण मोठा काढा."

मोठा म्हणजे आठ बाय दहा. आयात फिल्मवर त्या आकाराचा विचारही मी कधी केला नव्हता. एक्स-रेची शीट खोक्यातून येतेच आठ बाय दहाची, कापायचंही काम नाही. ओळखीच्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांकडे लाकडी फील्ड कॅमेरा आहे. त्यांना त्याच संध्याकाळी फोन केला. कॅमेरा देतो म्हणाले, फक्त त्याचा बेलोज दिवा आत धरून एकदा तपासून घे, कोपऱ्यात भोक असायचं.