दोतोनबोरी: बघायचं कालव्यावर, खायचं मागच्या गल्लीत

जपानमध्ये ओसाकाला जाणारा प्रत्येक जण दोतोनबोरीला, म्हणजे तिथल्या कालव्याकाठच्या खाण्यापिण्याच्या भागात जातोच, त्यामुळे "जावं की नाही" हा प्रश्नच नाही. कधी जावं, कुठल्या बाजूने शिरावं आणि भूक कुठपर्यंत आवरावी, एवढंच ठरवायचं असतं. आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि आई. आई शाकाहारी, पण अंडं चालतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचे निम्मे सल्ले त्यावरच आहेत.

आधी पोचायचं कसं ते. कानसाई विमानतळावरून नानकाई कंपनीची साधी 'एअरपोर्ट एक्स्प्रेस' घ्या. पाऊण तासात थेट नाम्बाला, म्हणजे दोतोनबोरीजवळच्या स्टेशनला सोडते, भाडं 970 येन. 'रॅपिट' नावाची देखणी निळी गाडीही आहे, पण तिला आरक्षणाचे जादा पैसे पडतात आणि वेळ वाचतो तो जेमतेम पाच-सात मिनिटं. शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) आलात तर शिन-ओसाकाहून मिदोसुजी मेट्रोने पंधरा मिनिटांत नाम्बा. नाम्बा स्टेशन हे प्रकरण मात्र अवघड आहे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्यांची स्टेशनं आणि खाली जमिनीत पसरलेला बाजार. मेट्रोने आलात तर पिवळ्या पाट्यांकडे बघत 14 नंबरचं एक्झिट गाठायचं, म्हणजे दोतोनबोरी समोरच येते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा. टोकियोत डावीकडे, इथे उजवीकडे. ओसाकावाले काही बोलणार नाहीत, पण मागे रांग खोळंबते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आसपास एबिसुबाशी पुलावर जावं. 'ग्लिको' या गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीच्या जाहिरातीच्या पाटीवरचा, हात उंचावून धावणारा धावपटू तिथे आहे. 1935 पासून तो या कालव्यावर धावतोय. आत्ताची पाटी सहावी, 2014 सालची, एलईडीची. पुलावर फोटोसाठी एवढी झुंबड असते की आपल्या फोटोत धावपटूपेक्षा दुसऱ्यांचे हातच जास्त येतात. त्यापेक्षा पुलाखाली उतरून कालव्याकाठच्या फरसबंद वाटेवर जा. तिथून पाटी पूर्ण दिसते आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंबही. कालवा 1612 साली दोतोन नावाच्या गृहस्थाने खणायला घेतला. 1615 च्या ओसाकाच्या वेढ्यात तो मारला गेला, नातलगांनी काम तडीस नेलं आणि नाव त्याचं राहिलं. पुढे काठावर नाटकगृहं आली आणि नाटकामागून खाणं आलं. 1985 साली हानशिन टायगर्स बेसबॉलमध्ये जिंकल्यावर चाहत्यांनी केंटकीच्या (केएफसीच्या) दुकानापुढचा कर्नल सँडर्सचा पुतळा याच पाण्यात फेकला होता. तो सापडला थेट 2009 मध्ये. पुतळा फेकल्यानंतर कित्येक वर्षं संघाला पुन्हा अजिंक्यपद मिळेना, त्याचं खापर लोकांनी पुतळ्याच्या शापावर फोडलं. क्रिकेटवेड्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

मुख्य रस्ता बघण्यासाठी आहे. पाय हलवणारा महाकाय खेकडा, ढोल वाजवणारा विदूषक कुइदाओरे तारो, सगळं बघा. पण जेवायला तिथेच रांगेत उभं राहायची गरज नाही. ताकोयाकी मात्र रस्त्यावरच खावी. बिडाच्या खळग्याखळग्यांच्या तव्यावर पातळ पीठ ओततात, अगदी अप्पेपात्रासारखं. त्यात ऑक्टोपसचा तुकडा, आलं, कांद्याची पात. मग कारागीर दोन टोकदार सळ्यांनी अर्धवट शिजलेलं पीठ आत ढकलत गोळा फिरवतो, आणि हात इतका भराभर चालतो की कुठला गोळा कधी उलटला ते कळत नाही. आत पीठ मुद्दाम लिबलिबीत ठेवतात. तोंडात अख्खा टाकाल तर टाळू भाजेल. आधी काडीने फोडा, वाफ जाऊ द्या.

आता शाकाहाऱ्यांसाठी. ऑक्टोपस काढला म्हणजे ताकोयाकी शाकाहारी होत नाही. पिठातच माशाचं पाणी, म्हणजे दाशी असते आणि वर हलणारे पापुद्रे वाळवलेल्या माशाचेच. ओकोनोमियाकीचं (कोबीच्या जाड धिरड्याचं) तेच, उदोन नूडल्सच्या रश्शाचंही तेच. कुशिकात्सूत, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांत, वांगं, कांदा, कमळकाकडी मिळते, पण मांस-मासे तळतात तेच तेल. "निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस" (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे फोनवर जपानी लिपीत लिहून दाखवा, काम सोपं होतं. नकार आला तर तोही नम्रपणे येतो. आईचं पोट भरलं ते रिकुरो ओजिसानच्या चीजकेकने. नाम्बाच्या दुकानात नवा घाणा निघाला की घंटा वाजते, केक थरथरत बाहेर येतो, तळाशी मनुका असतात. अंडं चालत नसेल तर भाजलेलं रताळं आणि फळं हाताशी ठेवा. कडक शाकाहार असेल तर भारतीय हॉटेल आधीच नकाशावर शोधून ठेवलेलं बरं, ऐनवेळी नको.

मांस-मासे खाणाऱ्यांनी मुख्य रस्ता सोडून दक्षिणेला होझेनजी योकोचो गल्लीत वळावं. तीन मीटरही रुंदी नाही, दगडी फरशी, कंदील, छोटी छोटी हॉटेलं. 2002 च्या आगीत ही गल्ली होरपळली. पुन्हा बांधताना रुंदीकरण न करता ती अरुंदच राखली. गल्लीतल्या होझेनजी देवळातल्या फुदो या देवाच्या मूर्तीवर लोक पळीने पाणी घालतात, त्यामुळे देव नखशिखांत शेवाळाने हिरवागार झालाय. आईने अगदी सराईतपणे पाणी घातलं, हात जोडले. या गल्लीत बसायचं तर मेनूचे भाव बाहेरूनच वाचा. बऱ्याच ठिकाणी बसताच न मागितलेली छोटी वाटी पुढे येते, ती फुकट नसते. बिलात दिसेल, भांडू नका, तशी पद्धतच आहे. रस्त्यावर हाताला धरून आत बोलावणारे मात्र टाळा.

खरेदी. शिनसाईबाशीची छप्पर असलेली लांबलचक बाजारपेठ पावसात उपयोगी, पण दुकानं जगात कुठेही दिसतील अशी. माझ्या मते खरा बाजार आहे सेन्निचिमाए दोगुयासुजी, म्हणजे हॉटेलवाल्यांची भांड्यांची गल्ली. सुऱ्या, कंदील, मेणाचे वाटावेत असे नकली पदार्थ. इथे ताकोयाकीचा तवा घ्या, घरी अप्पे होतील. आईने बोटाने वाजवून पाहत बिडाचा, गॅसवरचा घेतला. विजेवरचा हलका आणि स्वस्त होता, पण जपानची वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230. तो लावताच जळेल. सुरी घेतलीत तर चेक-इन सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको. ही दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून दुपारी इथे आणि अंधार पडताना कालव्यावर, असा क्रम ठेवा. कुरोमोन हे खाण्याच्या जिनसांचं मार्केट करायचं तर त्याच्याही आधी, सकाळी.

पासपोर्ट जवळ हवाच. एका दुकानात कराशिवाय 5000 येनांची खरेदी झाली की परदेशी पाहुण्यांना करमाफी मिळते. पूर्वीपासून कर काउंटरवरच वजा होत आलाय. 1 नोव्हेंबर 2026 पासून मात्र आधी पूर्ण पैसे भरायचे आणि परतावा देश सोडताना, अशी पद्धत ठरली आहे. त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर जास्तीचा वेळ धरावा. रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीत, काड्या-डबे ज्या टपरीवरून घेतले तिथेच परत द्या. 2025 च्या जानेवारीपासून ओसाका शहरभर रस्त्यावर सिगारेट ओढायला बंदी आहे. आणि परतीची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास संपते, ती चुकली तर टॅक्सीला खिसा रिकामा होईल.