भिशी-वही, नोंद ७: कधीच न मोडणारा करार

सापडला! तीन आठवडे छळणारा ५० रुपयांचा फरक काल रात्री सापडला.

मागच्या नोंदीत लिहिलंच होतं: १२ जणींची भिशी, महिना २,००० रुपये, आणि मी पायथन भाषेत लिहिलेल्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये एका काकूंच्या नावावर आईच्या कागदी वहीपेक्षा ५० रुपये दंड जास्त. चूक 'दंड_लावा' या फंक्शनमध्येच असणार हे कळत होतं. पण त्यावर माझी पोस्टकंडिशन (फंक्शन संपल्यावर खरी असलीच पाहिजे अशी अट, म्हणजेच त्याचा करार) होती, 'जिला दंड लावला ती सोडून कोणाचीही बाकी बदलता कामा नये', आणि ती एकदाही मोडली नव्हती. त्यामुळे मी भलतीकडेच शोधत बसलो. डेकोरेटरांचा (फंक्शनला अट जोडणाऱ्या ओळींचा) क्रम बदलला, लॅम्ब्डा (अट तपासणारं छोटं निनावी फंक्शन) नव्यानं लिहिला, चुकून पायथन 'मायनस ओ' लावून तर चालवत नाही ना (तसं केलं की आयकॉन्ट्रॅक्टची, म्हणजे असे करार तपासणाऱ्या पायथन लायब्ररीची, तपासणी बंद होते) तेही पाहिलं.

शेवटी स्नॅपशॉटमधल्या (फंक्शन चालण्याआधी जपून ठेवलेल्या स्थितीतल्या) चौथ्या सभासदाचा आणि आत्ताच्या चौथ्या सभासदाचा आयडी, म्हणजे वस्तूची ओळख सांगणारा आकडा, छापला. आकडा एकच! स्नॅपशॉट मी 'सभासद[:]' असा घेतला होता. त्यानं यादी नवी होते, आतल्या वस्तू त्याच राहतात. म्हणजे करार आजची बाकी आजच्याच बाकीशी ताडून पाहत होता. मोडणार कसा? आयफेल या प्रोग्रॅमिंग भाषेतही 'ओल्ड' (आधीची किंमत) वस्तूचा नुसता संदर्भ धरून ठेवतो, आतपर्यंत प्रत हवी तर 'डीप_ट्विन' लागतं. हे वाचलेलं होतं, पण इथे आठवलं नाही.

डीपकॉपी (आतल्या वस्तूंसकट पूर्ण प्रत) लावून जुन्या नोंदी पुन्हा चालवल्या. एकोणिसाव्या नोंदीला व्हायोलेशन एरर, म्हणजे करार मोडला! तो मजकूर मी दोनदा वाचला: मोडलेली अट, जुनी बाकी ०, नवी बाकी ५०, सगळं समोर. पायथनच्या नुसत्या असर्टनं (साध्या तपासणीच्या ओळीनं) एवढं सांगितलं नसतं. आयकॉन्ट्रॅक्ट मला आवडतं ते याचसाठी. कारण साधं निघालं. मी सभासद आडनावावरून शोधत होतो आणि त्या आडनावाच्या दोघी भिशीत आहेत.

डीपकॉपीनं मात्र वेग पार बसला, कारण दर नोंदीला अख्ख्या भिशीची प्रत होते. म्हणून स्नॅपशॉटमध्ये आता फक्त सभासद क्रमांक आणि बाकी ठेवायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय, सभासदाचा डेटाक्लास (माहिती धरणारा साचा) फ्रोझन, म्हणजे वस्तू एकदा बनली की न बदलणारा, केला तर? बाकी बदलायला दरवेळी नवी वस्तू करावी लागेल, मग 'सभासद[:]'सुद्धा पुरेल. तर उचलीचं काम पुढे ढकलतो, आधी हे. शिवाय प्रत्येक पोस्टकंडिशनसाठी मुद्दाम चुकीचं एक फंक्शन लिहून ठेवणार. ते पकडलं गेलं नाही तर करारच चुकलाय. 'दंड_लावा'चं लिहून झालं, लगेच पकडलं गेलं. अजून सहा उरलेत.