आधी नाव विचारतात

"मॅडम, निअर मिसचा फॉर्म भरला ना, की आधी नाव विचारतात. मशीनचं नंतर."

निअर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. आज प्रेस शॉपच्या, म्हणजे मशीनवर दाबून माल घडवतात त्या विभागाच्या, सेफ्टी ट्रेनिंगमध्ये मागच्या रांगेतले एक काका हे बोलले आणि सगळे खाली बघायला लागले. सुपरवायझरसुद्धा.

प्रेसची दोन्ही बटणं दोन हातांनी एकदम दाबायची असतात, म्हणजे डाय, वरचा साचा, खाली येताना हात आत राहत नाही. काकांच्या लाइनवर एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. एक हात मोकळा राहतो, माल पटापट निघतो. पाचर हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. म्हणजे किती दिवस असेल!

माहीत सगळ्यांना होतं. फॉर्म एकही नाही.

भोपाळला १९८४ मध्ये गॅस सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. तेही आतल्या लोकांना माहीत होतंच की.

उद्या प्लांट हेडना भेटतेय. फॉर्मवरची नावाची ओळ काढा, आणि पाचर काढल्यावर टार्गेट खाली येणार हे लेखी मान्य करा, एवढंच मागणार आहे. त्याशिवाय पुढचं सेशन घेण्यात अर्थ नाही.

तुमच्याकडे असा फॉर्म भरणाऱ्याचं पुढे काय होतं?