नागपूर ते आरमोरी विजेच्या गाडीने: चार्जर शोधण्याआधी अर्थिंग विचारा

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या मार्गाने आरमोरीकडे विजेची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी, नागभीडच्या पुढे नकाशावर दिसणारा जलद चार्जर तिथल्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय हिशोबात धरू नये. दिवाळीनंतर आम्ही आरमोरीजवळच्या गावी बहिणीकडे मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गेलो, तेव्हा वाटेतला असा एक चार्जर ॲपवर ‘उपलब्ध’ दिसत होता. प्रत्यक्षात त्याचा पडदा काळा होता, केबल वायरच्या तुकड्याने खांबाला बांधलेली होती आणि चौकीदाराने शांतपणे सांगितले, “पोळ्यापासून बंदच आहे जी.”

आमची गाडी टियागो ईव्ही, २४ युनिट वीज मावणारी. प्रमाणपत्रावरचा पल्ल्याचा आकडा बाजूला ठेवून ७०-८० च्या वेगाने आणि एसी लावून एका चार्जमध्ये १९० किलोमीटर धरावेत. म्हणजे जाणे एका चार्जमध्ये होते, पण परतीसाठी मुक्कामी वीज मिळावीच लागते. जलद चार्जरवर तासाभरात ८० टक्के होणारी ही बॅटरी घरच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर जवळपास नऊ तास घेते, त्यामुळे संध्याकाळी सॉकेट मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशीचा प्रवास बुडालाच म्हणून समजा.

चार्जर बंद निघाल्यावर रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये विचारले. तिथे साध्या सॉकेटचे एका रात्रीचे ८०० रुपये सांगण्यात आले. व्यापारी जोडणीचा दर युनिटला १८ रुपये धरला, तरी २२ युनिटांचे ४०० रुपयेसुद्धा होत नाहीत, शिवाय त्या सॉकेटची भोके आधीच जळून काळी पडलेली होती. असा भाव कोणीही देऊ नये. घरगुती मीटरवर गाडी लावता येत नाही, असेही तिथे ठामपणे सांगितले गेले, ते चुकीचे आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या किंवा कार्यालयाच्या असलेल्याच जोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे.

खरा त्रास बहिणीच्या घरी झाला. सॉकेट १५ अँपियरचे होते, नवे होते, तरीही गाडीसोबतच्या चार्जरच्या डबीवरचा दिवा लालच राहिला आणि चार्जिंग सुरू होईना, कारण भिंतीत तिसऱ्या पिनेची तार असली तरी अर्थिंगच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीच्या, खड्ड्यातली माती कोरडी ठणठणीत होती. वायरमनने न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देण्याची तयारी दाखवली. हे कोणीही, कितीही थकलेले असले तरी, करू देऊ नये. दिवा हिरवा होतो हे खरे, परंतु पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो, आणि अंगणात त्या गाडीला हात लावून लेकरे खेळत असतात. आम्ही न्हाणीमागचा खड्डा शोधला, तोंडावरची माती उकरून पाइपाचा गंजलेला जोड वायरमनकडून घासून घट्ट करून घेतला आणि दोन बादल्या पाणी ओतले. पाणी मुरल्यावर दिवा हिरवा झाला. त्या क्षणी झालेला आनंद मंडईतल्या कुठल्याही गोष्टीने झाला नाही.

तरीही रात्रीचे व्होल्टेज वायरमनच्या मीटरवर १८० च्या आसपास होते. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार मध्यरात्रीनंतर उतरतो, म्हणून वेळेचा हिशोब नऊ तासांऐवजी बारा तासांचा करावा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नये. अर्ध्या तासाने प्लगवर तळहात ठेवून पाहावा आणि ठेववत नसेल तर चार्जिंग लगेच बंद करावे. गाडी सुमारे तीन किलोवॉट ओढते. गावातल्या अनेक घरांचा मंजूर भार त्याहून कमी असल्यामुळे त्या वेळेत मोटार किंवा गीझर लावू नये.

मीटरचे आकडे आधी आणि नंतर लिहून ठेवावेत व यजमान नको म्हणाले तरी पैसे द्यावेत, कारण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा महाग असतो आणि तुमची एक रात्र त्यांना त्या टप्प्यात ढकलू शकते.

उमरेड-भिवापूरचा रस्ता, मंडई, रात्रीचे नाटक हे सगळे छान झाले, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही.

जायचेच असेल तर आठ दिवस आधी मुक्कामाच्या घरी फोन करून मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि नवे अर्थिंग करवून घ्यावे, खर्च आपण द्यावा आणि चार्जरचा दिवा हिरवा होतो याची खात्री करायला शक्यतो स्थानिक ओळखीच्या एखाद्या विजेच्या गाडीवाल्याला पाठवावे. एवढे होत नसेल तर या रस्त्याला एसटीने जावे.