सोळा नावं

तारीख लक्षात राहिली ती बारावीच्या निकालामुळे. 27 मे 2015. लातूरला हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. दुपारी निकाल लागला की क्लासवाल्यांची धावपळ सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत जाहिराती येऊन पडतात. पोरांच्या पासपोर्ट फोटोंच्या रांगा, खाली गुण, वर हात जोडलेले सर. मी तेव्हा एका दैनिकाच्या लातूर आवृत्तीत क्रीडा पान बघायचो. बघायचो म्हणजे बातम्या भाषांतरित मीच करायचो, ऑपरेटरच्या मागे उभा राहून पान मीच लावून घ्यायचो, आणि जाहिरातीने पान अर्धं खाल्लं की भांडायलाही मीच जायचो. हरून परत यायचो.

आयपीएल तीन दिवसांपूर्वी संपलं होतं. फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेऱ्या चालू होत्या. म्हणजे पान भरायला जड दिवस. सकाळी घरी नळाला पाणी येणार होतं म्हणून थांबलो होतो. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी सोडून ऑफिसला जाणारा माणूस तेव्हा लातूरात नव्हता. ड्रम भरता भरता टीव्हीवर पट्टी दिसली: झुरिचमध्ये फिफाच्या अधिकाऱ्यांना अटक. फिफा म्हणजे जगाच्या फुटबॉलचा कारभार बघणारी संघटना.

ऑफिसात पोचलो तर वृत्तसंस्थांच्या कॉप्यांचा ढीग. स्विस पोलीस पहाटे साध्या वेशात बाऊर ओ लाक नावाच्या हॉटेलात गेले, रिसेप्शनवर खोल्यांचे नंबर घेतले आणि फिफाच्या सात जणांना उचललं. दोन दिवसांवर अध्यक्षपदाची निवडणूक, त्यासाठीच सगळे जमलेले. फोटो येऊ नयेत म्हणून हॉटेलच्या माणसांनी बाजूच्या दारात पांढऱ्या चादरी धरल्या. अमेरिकेने एकूण चौदा जणांवर आरोप ठेवले होते. 24 वर्षांत 15 कोटी डॉलरहून जास्त लाच. सामन्यांचे प्रक्षेपण हक्क आणि मार्केटिंगचे करार अमुक कंपनीला मिळावेत म्हणून त्या कंपन्यांनी पदाधिकाऱ्यांना दिलेले पैसे. पैसे अमेरिकन बँकांमधून फिरले, म्हणून खटला तिकडे.

मूळ कॉपीत 150 मिलियन होते. ऑपरेटरने 150 कोटी डॉलर टाइप केलं आणि मी ते वाचूनही सोडलं. पेजमेकरच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. रुपयांत साडेनऊशे कोटींच्या आसपास जात होते. आपल्याकडे त्या काळात लाखो कोटींचे घोटाळे रोज पहिल्या पानावर असत, त्यामुळे पेजमेकर म्हणाला, "एवढेच?"

खरी अडचण आरोपातल्या एका शब्दाची झाली. रॅकेटिअरिंग. शब्दकोशात 'गुंडगिरी करून पैसे उकळणे' असं काहीतरी. सत्तरी ओलांडलेले, सूट घातलेले फुटबॉलचे पदाधिकारी गुंडगिरी काय करणार? मग वाचत गेलो तेव्हा कळलं की हा आरोप अमेरिकेच्या 1970 च्या एका कायद्यातला, आणि तो कायदा मुळात माफियांसाठी केलेला. एकेका लाचेचा वेगळा गुन्हा न धरता सगळी संघटनाच गुन्ह्याचं साधन म्हणून वापरली, असं त्यात दाखवता येतं. म्हणजे आपला मकोका. मी शीर्षक दिलं: 'फिफाला अमेरिकेचा मकोका'. वृत्तसंपादकांनी ते खोडलं. 'संघटित गुन्हेगारी' लिहा म्हणाले. मला अजूनही माझंच बरं वाटतं.

चारच्या सुमारास ते सर आले.

शेजारच्या जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक, निवृत्तीला आलेले. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, खेळाचंही नाही. इतकंच की खेळ आपल्या मातीतला आणि सर त्याच्या जिल्हा संघटनेचे सहसचिव. हा माणूस मला आवडायचा. उन्हातान्हात पोरांना घेऊन एसटीने स्पर्धेला जायचे, पोरांच्या डब्यात स्वतःच्या घरची चटणी-भाकरी टाकायचे. कूलरसमोर बसले, पाणी प्याले आणि पिशवीतून लेटरहेडवरची प्रेसनोट काढली. जिल्हा संघटनेच्या अध्यक्षपदी अमुक साहेबांची सलग पाचव्यांदा बिनविरोध निवड. सोबत राज्य स्पर्धेसाठी निवडलेल्या संघाची यादी.

"काय लिहायलाव साहेब येवढं?" त्यांनी स्क्रीनकडे बघून विचारलं.

सांगितलं. त्यांना रस वाटला. मग मीही रंगलो. चक ब्लेझर नावाचा अमेरिकेतला बडा पदाधिकारी, ज्याने 2013 मध्येच गुपचूप गुन्हा कबूल करून सरकारला मदत केली, त्याला म्हणे 'मिस्टर टेन पर्सेंट' म्हणत, कारण करारांवर दहा टक्के कमिशन घ्यायचा. न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये त्याच्या मांजरांसाठी वेगळा फ्लॅट होता असंही छापून आलं होतं. सर मांजरांवर खूप हसले. दहा टक्क्यांवर हसले नाहीत. "धा टक्के तर कमीच हायेत," म्हणाले.

मी त्यांना मतांचं सांगितलं. फिफाचे तेव्हा 209 सदस्य देश, प्रत्येकाला एक मत. ब्राझीलला एक, जर्मनीला एक, आणि कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट नावाच्या चिमूटभर बेटालाही एकच. आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढीही तिथे वस्ती नाही. त्यामुळे बेटांची मोट बांधणारा माणूस राजा. 2011 मध्ये त्रिनिदादच्या एका हॉटेलात कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी 40 हजार डॉलर रोख, पाकिटात घालून दिल्याचं प्रकरण निघालं होतं. अध्यक्षपदाचा एक उमेदवार तिथे भाषण करून गेला होता. बहामाच्या एका माणसाने नोटांचा फोटो काढला, पैसे परत केले आणि वर कळवलं, म्हणून ते बाहेर आलं.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "रोख द्यायची गरजच काय हो त्यांना? आमच्याकडं कुणी रुपाया देत नाही. तरी पाच खेपा बिनविरोध."

आणि त्यांनी सांगितलं. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, म्हणून सांगितलं.

जिल्हा संघटनेत प्रत्येक तालुक्याला एक मत. तालुका शाखा जिवंत राहायला दरवर्षी संलग्नता शुल्क भरावं लागतं. निम्म्या तालुक्यांत तो खेळ कुणी खेळत नाही, मैदान नाही, शाखा कागदावर. त्यांचं शुल्क अध्यक्षसाहेब स्वतःच्या खिशातून भरतात. पावती तालुक्याच्या नावाने फाटते. निवडणुकीआधी तालुक्याच्या सचिवांना ट्रॅकसूट मिळतात. राज्य स्पर्धेला संघासोबत व्यवस्थापक म्हणून कोण जाणार त्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. यंदा या तालुक्याचा, पुढच्या वर्षी त्या. प्रवासभत्ता, राहणं, जेवण.

"आन नावं," सर म्हणाले.

कसली नावं?

त्यांनी यादीकडे बोट केलं. मी मोजली. सोळा.

"पण संघ तर बाराचा असतो ना सर?"

"बारा खेळत्यात. चार तालुक्यायची आसत्यात."

कागदावरच्या शाखांचं ऐकून मी हसलो होतो. हे ऐकून मला हसू आलं नाही. प्रत्येक मत देणाऱ्या तालुक्याला आळीपाळीने एकेक नाव घालायची मुभा. सचिव कुणाचंही घालतो. भाचा, पुतण्या, किंवा ओळखीच्या कुणाचा मुलगा. त्या नावाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्या फाइलला ते लागतं. सचिव त्या मुलाच्या घरून काय घेतो ते तो आणि ते घर जाणे. अध्यक्ष त्यात नसतात. त्यांना फक्त मत मिळतं. सगळं इतकं सरळ होतं की यात लाच नेमकी कुठे ठेवली आहे हे मला सांगता आलं नसतं. 1998 मध्ये सॉल्ट लेक सिटीने हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद कसं मिळवलं ते बाहेर आलं, तेव्हाही असंच होतं. तिथे ऑलिंपिक समितीच्या सदस्यांच्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती होती. इथे राखीव खेळाडूचं प्रमाणपत्र.

आणखी एक गोष्ट मी सकाळीच वाचली होती. फिफा ही कंपनी नाही. सरकारी महामंडळ नाही की कुठल्या आंतरराष्ट्रीय करारातून जन्मलेली संस्थाही नाही. स्वित्झर्लंडच्या नागरी संहितेच्या कलम 60 खाली नोंदलेलं ते एक मंडळ आहे. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे भजनी मंडळ नोंदवतात त्या जातीचं. सदस्य सदस्यांना निवडतात, सदस्यच सदस्यांचा हिशेब मंजूर करतात. सरांच्या पिशवीतल्या लेटरहेडवरही असाच एक नोंदणी क्रमांक होता.

"सर, तुम्ही सही करता यादीवर?"

"करावी लागते की. सहसचिव हाव ना."

"आणि ही सोळाही नावं मी छापायची?"

ते गोंधळले. "तुमीच छापताव की दरवर्षी. कात्रण लागतंय. फाइलला कात्रण लावलं की कुणी शंका घेत नाही."

दरवर्षी. आठ वर्षं मी त्या पानावर होतो. मे-जूनमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असल्या याद्या यायच्या. मी कधी मोजल्या नव्हत्या. मोजायच्या असतात हेच डोक्यात नव्हतं. उलट ग्रामीण खेळाडूंची नावं छापली की बरं वाटायचं. गावाकडे पोराचं नाव पेपरात येतं, आई कात्रण देवघराजवळ लावते, असलं काहीतरी मनाशी म्हणायचो. मोठ्या पगाराच्या पेपरांना जमत नाही ते आपण करतो, हाही एक तोरा. झुरिचच्या हॉटेलात चादरी धरणाऱ्या पोरांचा सकाळी मला राग आला होता.

सर उठताना म्हणाले, "तेवढं बगा साहेब. पुढच्या आठवड्यात एक दोगांचं काम हाय." काम म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

आता मी यादी बाणेदारपणे फाडली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही घडलं नाही. सात वाजता जाहिरात विभागाचा माणूस आला आणि माझ्या पानाचे खालचे पाच कॉलम एका क्लासला देऊन गेला. आठच्या सुमारास न्यूयॉर्कहून अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल लॉरेटा लिंच यांची पत्रकार परिषद सुरू झाली, त्याच्या कॉप्या एकावर एक येऊ लागल्या. फिफा लीड, त्याला एक चौकट, फ्रेंच ओपन दोन कॉलम, संपलं पान. निवडीची यादी उरली ती उरलीच. वृत्तसंपादकांनी विचारलं, लोकल काही राहिलं का? मी म्हणालो, काही विशेष नाही. माझ्या हिमतीचा हिशेब लावायचा तर तो त्या तीन शब्दांएवढा. ते शब्दही जागा नव्हती म्हणून सुचले.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. तरी ऑफिसला गेलो आणि बांधीव फायली काढल्या. जुन्या अंकांचे ते जाड गठ्ठे, कडेला वाळवी लागलेले. माझीच पानं. दुपारपर्यंत बसलो. सगळ्याच याद्या फुगलेल्या नव्हत्या, हे सांगायला हवं. कित्येक बरोबर बाराच्या होत्या, त्यात खरी खेळणारी पोरं होती, त्यातली दोन-तीन मला तोंडओळखीने माहीत होती. पण चौदा, पंधरा, सोळा अशाही निघाल्या, एका वर्षी अठरा. एक नाव सलग दोन वर्षं दोन वेगवेगळ्या खेळांच्या संघात, दोन वेगळ्या जिल्ह्यांकडून. वर बातमीला श्रेय: क्रीडा प्रतिनिधी. म्हणजे मी.

पुढे काही वर्षांनी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली. ट्रॅम्पोलिन नावाचा खेळ असतो हे आमच्याकडे बऱ्याच जणांना त्या बातम्यांतूनच कळलं. मी तोवर क्रीडा पान सोडलं होतं. पण त्या बातम्या वाचताना दर वेळी त्या फायलींचा वास यायचा.

30 मेच्या सकाळी सरांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. यादी आली नाही, म्हणाले. मी म्हणालो, सर, बारा नावं पाठवा, मी उद्याच लावतो. पलीकडे शांतता. मागे कुठेतरी शिट्टी वाजत होती, पोरं ओरडत होती. म्हणजे ते मैदानावरच होते, सकाळी साडेसहाला, उन्हाळी शिबिरात, जिथे त्यांना कुणी एक रुपया देत नव्हतं.

"बारा कोणती लिहू?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ठरवता येत नव्हतं.

मग विषय बदलायला त्यांनीच विचारलं, "ते तुमच्या फिफावाल्याचं काय झालं हो? काल निवडणूक होती मनलाव."

"झाली. आधीचे अध्यक्ष ब्लाटरच आले निवडून. 133 विरुद्ध 73. दुसऱ्या फेरीआधी समोरच्याने माघार घेतली."

सरांनी जरा हिशेब केला असावा.

"म्हंजी बिनविरोध काय जमलं नाही त्यायला," ते म्हणाले.