रेस दे म्हटलं तर पाय हलेना

साखरेची पोती भरून ट्रेलर रत्नागिरीला चालला होता. स्टेअरिंगवर नवा पोरगा, शेजारी मी. कागल ते कराड हायवेला तो झकास चालवायचा, पण सपाटीवर कुणाचाही गियर बसतो. त्यात आमची गाडी जुनी, गियरबॉक्सला सिंक्रो नाही. नव्या गाडीत गियरच्या दात्यांचा वेग जुळवायला आत रिंग असते. इथं ते काम ड्रायव्हरच्या कानानं आणि पायानं करायचं.

मलकापूर मागं पडलं, आंबा गाव आलं. म्हटलं, "इथंच चौथा टाक. उतार लागला की दांड्याला हात लावायचा नाही."

"पाचव्यात धरतीय की मामा, तीसच तर आहे."

मी पुन्हा बोलेपर्यंत घाट सुरू झाला. पुढचं वळण बघून यानं क्लच दाबला, पाचवा काढला आणि चौथा घुसवायला गेला. खर्रर्र! दांडा परत न्यूट्रलमध्ये. भरलेला ट्रेलर, मागं खेचून धरायला इंजिन नाही. बघता बघता काटा चाळीसला. तो दांडा नुसता दाबत होता.

आता हिशेब बघा. आमच्या बॉक्समध्ये शेजारच्या दोन गियरमध्ये साधारण तिसऱ्या हिश्शाचा फरक. पाचव्यात तीसच्या वेगाला इंजिन मिनिटाला सोळाशे फेऱ्यांच्या आसपास फिरतं, चौथ्यात त्याच वेगाला एकवीसशे पाहिजे. चाळीसला तर २८०० लागतील, तेवढं ते इंजिन फिरतच नाही. म्हणजे कितीही जोर लावा, गियर बसणार नाही. आधी वेग उतरवायचा, मग इंजिन वर आणायचं.

"दांडा सोड, माझ्याकडं दे. ब्रेक मार, चांगला दाबून!" वेग पंचवीसवर आला. "आता ब्रेक सोड, क्लच सोड, रेस दे!"

इथं घोडं अडलं. उतारावर, न्यूट्रलमध्ये, ब्रेकवरचा पाय काढून रेसवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवायचा, हे कुणाच्या पायाला पटेल? माणसाचा जीव उलट सांगत असतो. माझा आवाज चढला तेव्हा कुठं पाय हलला. इंजिन अठराशेला गुरगुरलं, मी "क्लच!" ओरडलो आणि चौथा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला. गाडीनं धरलं.

खाली साखरप्यापर्यंत त्यानं दांड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी एअरच्या काट्याकडं बघत होतो, ब्रेक हवेच्या दाबावरच लागतात. तो फारसा उतरला नव्हता, म्हणून बोलायला सुचत होतं.

साखरप्याला थांबलो तर ब्रेकच्या लायनरचा जळका वास सुटलेला. पोरगा बादली घेऊन चाकांवर पाणी मारायला निघाला. अडवला. चाकातल्या तापलेल्या ब्रेक ड्रमवर गार पाणी पडलं की तडा जातो. चहा झाला, ड्रम आपोआप निवले. मग पालीपर्यंत गाडी परत त्यालाच चालवायला दिली, आणि प्रत्येक गियरला क्लच दोनदा दाबायला लावला, एकदा गियर काढायला, एकदा घालायला.